दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर : बातमीची भाषा घडवणारा शिक्षक



आपल्या प्रत्येक शाळेत सकाळी परिपाठ होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि मग ठळक बातम्या. ६ जानेवारीला दिनविशेष सांगणारा विद्यार्थी उभा राहतो आणि म्हणतो की आज पत्रकार दिन आहे, आज बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण सुरू केलं. एवढ्या एका वाक्यात बाळशास्त्री संपतात आणि पुढचा मुलगा बातम्या वाचायला लागतो. मी स्वतः कितीतरी वर्षं हेच करत आले.

मग एकदा वर्गात एक गोष्ट घडली. औंढ्याला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते हे तुम्हाला माहीत आहे. यात्रा झाल्यावर मी चौथीच्या मुलांना सांगितलं की पेपरमधली बातमी नको, तुम्ही यात्रेत जे पाहिलं त्याची बातमी स्वतः तयार करून आणा. एका मुलीने पट्टीचा माईक केला आणि धडाधड बोलायला लागली. प्रत्येक वाक्यात या ठिकाणी, पाहायला मिळतंय, मोठी बातमी, खळबळ असे शब्द. यात्रेत खळबळ कशाची, ते तिलाही सांगता आलं नाही. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता.

तिच्यामागे एक अबोल मुलगा होता. त्याच्या वहीत पाहिलं तर पाच ओळी लिहून खोडलेल्या. खोडलेलं वाचलं. लोक रांगेत उभे राहायलेत, पोरं रडायलेत, एक आजी सगळ्यांना पाणी द्यायली, असं त्याने आपल्या घरच्या बोलीत लिहिलं होतं. का खोडलं, असं विचारल्यावर कळलं की टीव्हीवर असं कुणी बोलत नाही, म्हणून ही बातमी नाही असं त्याला वाटलं. खरं पाहता वर्गातली सर्वात चांगली बातमी त्याचीच होती. त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या आजीकडे दुसऱ्या कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

बातमीची भाषा कोण ठरवतं? आणि तिचा परिणाम मुलाच्या बोलण्यावर, लिहिण्यावर, स्वतःबद्दलच्या मतावर कसा होतो? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी पुन्हा बाळशास्त्रींकडे गेले. कारण मराठीत बातमीची भाषा पहिल्यांदा ज्याला ठरवावी लागली, तो माणूस पेशाने शिक्षक होता.

बालपण आणि शिक्षण

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ सालचा. गाव पोंभुर्ले, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यातलं. वडील गंगाधरशास्त्री विद्वान होते. मराठी आणि संस्कृतचा पाया घरीच पक्का झाला. पेशवाई १८१८ मध्ये संपली, तेव्हा हे बाळ सहा वर्षांचं होतं. म्हणजे राज्य बदलत असताना, दरबार आणि कचेऱ्यांची भाषा बदलत असताना त्यांचं बालपण गेलं.

तेराव्या-चौदाव्या वर्षी ते मुंबईला आले. सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांचा आधार त्यांना मिळाला. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत त्यांनी इंग्रजी, गणित आणि नवी शास्त्रं शिकून घेतली. मुंबईत नाना भाषांचे लोक एकत्र राहत होते. गुजराती, बंगाली, फारसी अशा अनेक भाषा बाळशास्त्रींनी आत्मसात केल्या. हुशारी इतकी की १८३० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते त्याच सोसायटीचे डेप्युटी सेक्रेटरी झाले. आजच्या हिशोबाने बारावी झालेला मुलगा शिक्षण संस्थेचा कारभार पाहायला लागला.

दर्पणच्या आधीची मराठी

आपण आज समजतो की मराठी लिहायची पद्धत पूर्वीपासून अशीच होती. तसं नव्हतं. त्या काळात रोजचा व्यवहार, पत्रं, हिशोब हे सगळं मोडी लिपीत चालायचं. बाळबोध लिपी मुख्यतः पोथ्यांसाठी. पूर्णविराम, स्वल्पविराम ही चिन्हं मराठी लेखनात अजून रुळायची होती. मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोश नुकताच, १८३१ मध्ये, छापून झाला होता. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं, म्हणजे दर्पणच्या चार वर्षांनंतरचं.

लोकांपर्यंत गोष्टी पोहोचायच्या त्या कीर्तनातून, बाजारातून, यात्रेतून. आपल्या औंढ्यात नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची कथा लहान मूलसुद्धा सांगतं. नामदेवांचं नर्सीही आपल्याच जिल्ह्यात. कीर्तनाने मराठी गावोगाव नेली, पण परवा मुंबईत काय झालं, सरकारने कोणता कायदा केला, हे सांगणारं साधन मराठी माणसाकडे नव्हतं. बंगालीत समाचार दर्पण १८१८ मध्ये निघालं. मुंबईतच फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२ मध्ये गुजराती मुंबई समाचार सुरू केलं. मराठी मागे होती.

दर्पणचा जन्म

६ जानेवारी १८३२, शुक्रवार. या दिवशी दर्पणचा पहिला अंक निघाला. बाळशास्त्री तेव्हा विशीत होते. गोविंद विठ्ठल कुंटे उर्फ भाऊ महाजन हे त्यांचे सहकारी. सुरुवातीला दर्पण पाक्षिक होतं, पुढे ४ मे १८३२ पासून साप्ताहिक झालं.

त्याची रचना मुलांना फळ्यावर काढून दाखवावी अशी आहे. पानाला दोन उभे रकाने. एका रकान्यात मराठी मजकूर, शेजारच्या रकान्यात इंग्रजी. हा नुसता छपाईचा प्रकार नव्हता, त्यामागे विचार होता. राज्यकर्त्या इंग्रजांना इथल्या लोकांचं म्हणणं कळावं म्हणून इंग्रजी. आपल्या लोकांना जगातलं नवं ज्ञान आणि देशातल्या घडामोडी कळाव्यात म्हणून मराठी. मराठी आणि इंग्रजी एकाच पानावर, एकाच उंचीच्या रकान्यात उभी राहिली. ज्यांना वाटत होतं की मराठी फक्त पोथीची किंवा घरातली भाषा आहे, त्यांना हे पान उत्तर देत होतं.

आता एक अडचण लक्षात घ्या. इंग्रजी रकान्यात जे आहे ते मराठी रकान्यात सांगायचं, तर शब्द हवेत. राज्यकारभार, विज्ञान, व्यापार, विदेशातल्या घटना यांसाठी लागणारे सगळे शब्द तयार नव्हते. काही संस्कृतवरून घ्यायचे, काही जुने वापरातले शब्द नव्या अर्थाने वापरायचे, काही ठिकाणी समजावूनच सांगायचं. आपण वर्गात अवघड शब्द आला की काय करतो? तेच. बाळशास्त्री दर अंकात हे काम करत होते. फक्त त्यांचा वर्ग भिंतींच्या बाहेर होता.

तो वर्ग आकाराने लहान होता. दर्पणचे वर्गणीदार साधारण तीनशेच्या आसपास होते. जाहिरातींचा आधार जवळजवळ नव्हता. तरीही आठ वर्षं हे पत्र चाललं. १८४० मध्ये ते बंद झालं. त्याच वर्षी बाळशास्त्रींनी दिग्दर्शन हे मराठीतलं पहिलं मासिक काढलं. त्यात भूगोल, इतिहास, विज्ञान असे विषय असायचे, सोबत नकाशे आणि आकृत्या. वर्तमानपत्राने लोकांना बातमीची सवय लावली, मासिकाने अभ्यासाची.

शिक्षक बाळशास्त्री

आपण त्यांना पत्रकार म्हणून ओळखतो, पण त्यांची नोकरी आयुष्यभर शिक्षण खात्याशी जोडलेली होती. अक्कलकोटच्या युवराजांना त्यांनी शिकवलं. १८३४ मध्ये ते एल्फिन्स्टनमध्ये असिस्टंट प्रोफेसर झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. पुढे ते प्राथमिक शाळांचे निरीक्षक झाले. आणि डीएड झालेल्या आपल्या सगळ्यांसाठी सर्वात जवळची गोष्ट म्हणजे १८४५ मध्ये शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचे ते प्रमुख झाले. ज्या अध्यापक विद्यालयात आपण पाठ काढले, टाचणं लिहिली, त्याचा मूळ पुरुष शोधत गेलं तर आपण बाळशास्त्रींपाशी पोहोचतो.

त्यांनी शाळेसाठी पुस्तकं लिहिली. बालव्याकरण, नीतिकथा, भूगोल, गणित, ज्योतिष, इंग्लंडचा आणि हिंदुस्थानचा इतिहास. कुलाबा वेधशाळेचं कामही काही काळ पाहिलं. जुने शिलालेख आणि ताम्रपट वाचून त्यावर निबंध लिहिले. आणि १८४५ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. ज्ञानेश्वरी छापून येण्याची ही पहिलीच वेळ. बघा, एका हाताने ते नव्या बातमीची मराठी घडवत होते आणि दुसऱ्या हाताने साडेपाचशे वर्षांपूर्वीची मराठी सर्वांच्या हाती देत होते. नव्यासाठी जुनं टाकायचं असं त्यांनी केलं नाही.

समाजाशी झगडा

दर्पणमधून विधवांचं दुःख, स्त्रियांचं शिक्षण, अंधश्रद्धा असे विषय छापले गेले. घरात दबक्या आवाजात बोलले जाणारे विषय छापील अक्षरात आले की त्यांच्यावर उघड चर्चा करावी लागते. वर्तमानपत्र समाज बदलतं ते असं. आधी त्या गोष्टीसाठी शब्द मिळतो, मग बोलायचं धाडस येतं.

त्यांची खरी परीक्षा १८४३ मध्ये झाली. श्रीपत शेषाद्री नावाचा एक ब्राह्मण मुलगा. त्याच्या मोठ्या भावाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलाचा ताबा वडिलांना मिळाला. पण आता त्याच्याच जातीचे लोक त्याला परत घ्यायला तयार होईनात. बाळशास्त्री त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले. त्याला जातीत परत घ्यावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला, बहिष्काराची भीतीही सोसली. दोन भांडणाऱ्या गटांच्या मध्ये एक मूल सापडलं आहे आणि त्याला घर हवं आहे, हे त्यांना दिसलं. आपण शिक्षक आहोत, आपल्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

शाळातपासणीसाठी खूप फिरती, लेखन, अध्यापन असा कामाचा डोंगर होता. तापाचं निमित्त झालं आणि मे १८४६ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. वय फक्त चौतीस. माझ्या वयाच्या शिक्षकांनी हा आकडा क्षणभर डोळ्यांसमोर आणावा.

त्यांच्यानंतर भाषेचं काय झालं

भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये प्रभाकर सुरू केलं होतं. लोकहितवादींची शतपत्रं त्यातूनच आली. १८४९ मध्ये पुण्यात ज्ञानप्रकाश निघालं, १८८१ मध्ये केसरी. छापील अक्षर बाळबोध असल्यामुळे लोकांच्या डोळ्यांना तीच लिपी सवयीची झाली. मोडी हळूहळू मागे पडली आणि १९५० च्या सुमारास शाळेतूनही गेली. आपल्या घरातले जुने मोडी कागद आज आपल्यालाच वाचता येत नाहीत. छापखाना आणि वर्तमानपत्र भाषेवर किती खोल परिणाम करतात, याचं याहून स्पष्ट उदाहरण मुलांना देता येणार नाही.

यातून मोठा फायदा झाला. कोकणातल्या, पुण्यातल्या, खानदेशातल्या माणसाला समजेल अशी एक सामाईक लेखी मराठी तयार झाली. पण दुसरी बाजूही मान्य करायला हवी. ही मराठी पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या मंडळींच्या वळणाची होती. शेतकऱ्याची, कष्टकऱ्याची बोली त्यात नव्हती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये दीनबंधु काढलं, तेव्हा कष्टकरी समाजाचं म्हणणं वर्तमानपत्रात आलं. पुढे १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांनी दीनमित्र सुरू केलं आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते चालवलं. खेड्यातही पेपर निघू शकतो, खेड्याची भाषा छापता येते, हे त्यांनी दाखवलं.

आपल्या भागाची गोष्ट आणखी वेगळी. दर्पण निघालं तेव्हा औंढा, हिंगोली, वसमत हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. तिथे सरकारी कामकाज आधी फारसीत आणि नंतर उर्दूत चालायचं. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. मराठी घरात बोलायची, शेतात बोलायची, कचेरीत मात्र नाही. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये मराठवाडा हे पत्र काढलं, ते पुण्याहून. निजाम सरकारने बंदी घातली की नाव बदलून तेच पत्र पुन्हा निघायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. म्हणजे पुण्या-मुंबईच्या माणसाला शंभर वर्षं जी छापील मराठी रोज वाचायला मिळत होती, ती आपल्या आजोबा-पणजोबांना नीट मिळालीच नाही. आपली मुलं प्रमाण भाषेत मागे आहेत असं कुणी म्हणालं, तर हा इतिहास त्याला सांगा. त्यांची बोली चुकीची नाही. आपल्या दारी पेपर उशिरा पोहोचला, इतकंच.

आज आपल्यासमोरचं काम

आज साधनांची कमतरता नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्यानंतर खाजगी वाहिन्या आल्या, जिल्ह्याची पानं असलेले पेपर आले, आता गावोगावचे बातमी चॅनेल मोबाईलवर दिसतात. चांगली गोष्ट अशी की आपल्या तालुक्याची बातमी आपल्यालाच पाहता येते. रस्ता खराब आहे, पाणी आलं नाही, हे सांगायला माईक दारात येतो. बाया-बापडे आपल्या बोलीत कॅमेऱ्यासमोर बोलतात, हे दीनमित्रचंच पुढचं पाऊल आहे.

पण घाई फार झाली. मुलं मला मदत कर ऐवजी माझी मदत कर म्हणतात, ते हिंदी कार्यक्रमांच्या आणि घाईत केलेल्या भाषांतराच्या सवयीने. साध्या गोष्टीलाही धक्कादायक म्हणतात. प्रत्येक घटना भयंकर झाली की खरोखर भयंकर घडेल तेव्हा शब्दच उरत नाही. बाळशास्त्रींकडे शब्द कमी होते, म्हणून ते एकेक शब्द विचार करून ठेवत होते. आपल्याकडे शब्द भरपूर आहेत आणि विचार करायला वेळ नाही.

दोष फक्त वाहिन्यांना देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. मूल कोणती मराठी ऐकतं, हे आपल्या हातात पूर्ण नाही. पण ऐकलेल्या मराठीकडे कसं पाहायचं, हे शिकवणं आपल्या हातात आहे. मी वर्गात तीन साध्या गोष्टी सुरू केल्या. पहिली, एकच बातमी पेपरमध्ये कशी आहे आणि टीव्हीवर कशी सांगितली, ते शेजारी-शेजारी दोन रकान्यांत लिहायचं, अगदी दर्पणसारखं. दुसरी, खळबळ, थरार असा शब्द आला की तो काढून वाक्य पुन्हा वाचायचं आणि अर्थात फरक पडतो का ते पाहायचं. तिसरी, आठवड्यातून एकदा आपल्या गल्लीची, शेताची, घराची बातमी आधी घरच्या बोलीत सांगायची आणि मग प्रमाण मराठीत लिहायची. दोन्ही रूपं फळ्यावर राहतात. एकही खोडायचं नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. संध्याकाळी बातम्या चालू असतील तर पाच मिनिटं आवाज बंद करा आणि आत्ता काय सांगितलं ते मुलाला आपल्या शब्दांत सांगायला लावा. ते करायलेत म्हणालं तरी हसू नका. त्याला बातमी समजली का, एवढंच पाहा. करत आहेत असं लिहायचं कसं ते आम्ही शाळेत शिकवू.

त्या अबोल मुलाने नंतर खोडलेल्या ओळी पुन्हा लिहिल्या. एका रकान्यात त्याची बोली, दुसऱ्या रकान्यात पुस्तकातली मराठी. ती बातमी त्याने परिपाठात वाचली. पाणी देणारी आजी दोन्ही रकान्यांत होती. येत्या ६ जानेवारीला दिनविशेष सांगताना एका वाक्यावर थांबू नका. दर्पणचं ते दोन रकान्यांचं पान फळ्यावर काढा आणि मुलांना सांगा की ते एका विशीतल्या शिक्षकाने तयार केलं होतं.